तुझा अ‍ॅम्प, माझे कान

भास्कर, बारा दिवस झाले तुला जाऊन आणि बमरोलीत अजून एकच विषय चघळतात. गाडीने एवढा हॉर्न दिला, रुळापलीकडच्या पानवाल्याला ऐकू गेला, भाजीवाल्या बाईला ऐकू गेला, मग ह्या माणसाला का नाही? तो बाजूला का झाला नाही? विचारतात, आणि जरा इकडेतिकडे बघून स्वतःच उत्तर देतात. मुद्दाम गेला म्हणे.

लोकांचं सोड. उचलली जीभ, लावली टाळ्याला, त्यांचं काय जातंय? पण सुनंदावहिनीही तेच धरून बसलीय रे. जलदान विधीच्या दिवशी पाहुणे जेवून उठले, मी पत्रावळ्या गोळा करत होतो, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, त्या सकाळी मी त्यांना बोलले. त्या अ‍ॅम्पवरून. घरात माणसं राहायची की हा पेटारा, असं म्हणाले. ते काही बोलले नाहीत, चप्पल घातली आणि निघाले. डबा राहिला म्हणून दारातून हाक मारली. एक नाही, तीन. वळून बघितलं नाही हो त्यांनी. एवढा राग मनात घेऊन गेले."

मी काय केलं सांगू? मान खाली घातली आणि पत्रावळ्या उचलत राहिलो. तू का वळला नाहीस ते अख्ख्या सुरतमध्ये मला एकट्याला माहीत होतं. आणि मी हात धुतले, जय भीम म्हटलं आणि घरी गेलो. थू माझ्या जिनगानीवर.

आता तुला पत्र लिहायचं म्हणजे कुठल्या पत्त्यावर, ते काही माहीत नाही. तुझा-माझा तसल्या गोष्टींवर विश्वासही नाही. पण तोंडावर बोलायची सोय राहिली नाही आणि बोलल्याशिवाय मला जेवण जात नाही.

तूच मला गावाहून आणलंस. शिरपूरच्या स्टँडवर माझ्या आईला म्हणालास, "मावशी, मी शे ना," आणि ती निर्धास्त झाली. पांडेसऱ्याच्या लूमखात्यात पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं आणि उलटा फिरलो होतो, आठवतं? दीडशे माग एकदम खडखडत होते. माझी छातीच हलायला लागली. तू माझा शर्ट धरून आत ओढलंस आणि तोंड हलवून काहीतरी बोललास. मला वाटलं तू मुका झालास. मग समजलं की तिथे बोलायचंच नसतं. ओठ वाचायचे. कपाळावर बोट म्हणजे शेठ आला. दोन बोटं तोंडाशी म्हणजे चहा. मुठीवर मूठ आपटली म्हणजे तार तुटली, धाव. महिन्याभरात तू मला सगळं शिकवलंस, शिव्यांसकट. मुकादमाच्या तोंडावर, नुसते ओठ हलवून, असल्या शिव्या घालायचास की मला हसू आवरायचं नाही आणि तो बापडा मान डोलवायचा.

आपल्याला ती गंमत वाटली. बारा-बारा तासांची पाळी, वीस-बावीस वर्षं. घरी आलो की जोरात बोलायचो, टीव्ही जोरात लावायचो, आणि शेजारीही सगळे लूमवालेच, तेही जोरात बोलायचे. आपल्या गल्लीत हळू बोलणारा माणूस म्हणजे पाहुणा. समोरच्याचं तोंड बघत बोलायची सवय, न कळलं तरी मान डोलवायची सवय. अशा ठिकाणी कोणाचे कान गेले हे कोणाला कळणार? ज्याचे गेले त्यालाही कळत नाही.

तुला मात्र कळलं, कारण तू गिटार वाजवायचास.

गेल्या जयंतीचा कार्यक्रम संपला, आपण सामान टेम्पोत भरलं आणि भेस्तानच्या नाक्यावर चहाला थांबलो. आपल्या गाण्याच्या पार्टीत तू गिटारवर, मी साउंडवर. पंधरा वर्षं मी मिक्सरची बटणं फिरवतोय आणि सगळीकडे सांगत फिरतोय की देवीदासचे कान म्हणजे तराजू. तू कप खाली ठेवलास आणि मला म्हणालास, "देव्या, मना कान गयात भो."

मी हसलो. तू हसला नाहीस. म्हणालास, सगळ्यात बारीक तार मला दिसते, ऐकू येत नाही. बोट पडतं, तार थरथरते, पण आवाज नाही. डावा कान तर पुरता बंद झालाय, आणि एकाच कानाने ऐकतो म्हणून आवाज कुठल्या बाजूने आला तेही कळत नाही. मग म्हणालास की पार्टीचा छोटा अ‍ॅम्प मोठा केला की फाटतो, आणि आवाज फाटला की सगळं लूमसारखंच वाटतं, त्यात गाणं कुठे आहे ते शोधावं लागतं. तुला मोठा पाहिजे होता आणि साफ पाहिजे होता. दोन्ही एकदम. आणि तसा आवाज फक्त जुन्या वॉल्वच्या अ‍ॅम्पचा, काचेचे दिवे तापून लाल होतात त्या, असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. मोठा वॉल्वचा अ‍ॅम्प अर्ध्यावर ठेवला तरी मंडप भरतो आणि तार तारेसारखीच राहते.

"कोनले सांगू नको," म्हणालास. वहिनीलासुद्धा नाही. पार्टीवाल्यांना कळलं तर कीबोर्डवाला पोरगा बसवतील, शेठला कळलं तर आणखी काही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तुझ्या हातावर हात मारला. आणि वर शहाणपणा केला. म्हणालो, "तू कशाला घाबरतो? अ‍ॅम्प घ्यायला मी येतो. मना कान शेतस ना."

भास्कर, ह्या वाक्यासाठी तू मला तेव्हाच दोन ठेवून द्यायला पाहिजे होत्यास.

कारण खरं सांगायचं तर मलाही थोडं थोडं कळत होतं. कुकरची शिट्टी बायकोला आधी ऐकू यायची. फोन स्पीकरवर ठेवल्याशिवाय बोलता यायचं नाही. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. ज्याची कमाई रट्ट्याची आणि मान कानांचा, तो कसा मान्य करेल? माझ्या पोरांना बाप लूमवाला आहे असं सांगायला लाज वाटायची. बाप साउंडवाला आहे म्हटलं की ती ताठ व्हायची.

नानपुऱ्याचा तो पारशीकाका तूच शोधून काढलास. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, आता बोटं वाकडी झालेली. घर केवढं मोठं आणि त्यात माणूस एकटा. त्याने कपाटामागून अ‍ॅम्प ओढला तेव्हा तू माझा दंड घट्ट धरलास. पुढे राखाडी जाळी, कोपऱ्यांना पत्रा, हँडल तुटून त्याजागी दोरी बांधलेली. मागे काचेचे दिवे ओळीने. काका म्हणाला, आधी तापू द्या, घाई करायची नाही. दिवे हळूहळू नारिंगी झाले. तू गिटार लावली आणि एकच तार छेडलीस.

तेवढं तरी मी खरंच ऐकलं, हं. तो आवाज छातीवर आला. मोठा, तरी कुठे खरखरला नाही. तू डोळे मिटून एकेक तार वाजवत खाली गेलास आणि मी तुझा चेहरा बघत होतो. वीस वर्षांत तू एवढा सुखी दिसला नव्हतास, लग्नातसुद्धा नाही. वहिनीला हे सांगू नको. म्हणजे आता कुठला सांगतोस.

मग काका वाकून अ‍ॅम्पच्या मागे गेला. आपल्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. तिथून तो काहीतरी बोलला. आपण दोघांनी मान डोलवली. "हा, हा." सवयच ती. शेवटी तू मला विचारलंस, "साफ शे ना रे?" मी उठलो, जाळीला कान लावला, डोळे मिटले, मोठा उस्ताद असल्यासारखा, आणि म्हणालो, "पाण्यासारखा."

तू दुसरं काही विचारलं नाहीस. भाव ठरला, काकाने एकेक दिवा काढून दिला, तू ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेस. रिक्षात अ‍ॅम्प पायाशी, तुझे पाय बाहेर, आणि पूर्ण रस्ता तू त्या टॉवेलावर हात ठेवून बसला होतास. मजुराला आराम नसतो पण त्या दिवशी तू शेठ होतास.

घरी लावला. दिवे तापले. आणि तू वाजवायच्या आधीच तुझ्या प्रज्ञाने दोन्ही कानांवर हात ठेवले. "पप्पा, बंद करो ना! कसली शिट्टी वाजतेय ही?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे.

"कुठली शिट्टी?" मी म्हणालो.

"काका, केवढी बारीक सीऽऽ अशी येतेय. आणि तव्यावर पाणी टाकल्यासारखं चरचरतंय. तुम्हाला ऐकू नाही येत?"

वहिनीही आतून ओरडत आली, कान फाटले म्हणून. तू बटण बंद केलंस. 

मी काय केलं? नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी नानपुऱ्याला जाऊन त्या म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिलो आणि वाटेल ते बोललो. गरीब बघून फसवलंत, खराब माल गळ्यात मारलात, पारशी माणूस प्रामाणिक असतो म्हणतात ते काय खरं नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाई, में तो कह्युं हतुं. थोडी सीटी आवे छे, एक वाल्व बदलवो पडशे, चालशे ने? तमे बेउ जणे हा पाडी." मी तर सांगितलं होतं, थोडी शिट्टी येते, एक वॉल्व बदलावा लागेल, आणि तुम्ही दोघांनी हो म्हटलंत. आणि मग तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, माझ्या तोंडाकडे नाही, कानांकडे. त्याने खुर्ची पुढे केली. "बेसो," म्हणाला. मी बसलो नाही. मी पळालो, भास्कर. त्या म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. तुला येऊन काय सांगितलं? म्हातारा लबाड आहे. आज खरं सांगतो. लबाड मी आहे.

तू काही खुळा नव्हतास. दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मला खात्याबाहेर घेऊन आलास. रागावला नव्हतास, हेच तर मला सहन झालं नाही. म्हणालास, "देव्या, तुलेबी आयकू येत नही. चल, दोघं जाऊ कानाच्या डॉक्टरकडे. एकट्याने जायला मला लाज वाटते. दोघं असलो म्हणजे गंमत करत जाऊ." आणि मी काय बोललो, ते शब्द न शब्द पाठ आहेत मला. "मी काय म्हातारा झालो का? तुझ्या पोरीचे कान नाजूक आहेत, दिवसभर मोबाईलचे बूच कानात. तुला जायचं तर तू जा. मले समदं आयकू येस."

तू म्हणालास, "बरं. तू तयार झाला की जाऊ."

तू थांबलास माझ्यासाठी. आठ दिवस थांबलास. नवव्या दिवशी सकाळी तू रूळ ओलांडत होतास, गाडी डाव्या बाजूने आली, आणि तू उजवीकडे बघत होतास. हे पानवाल्याने सांगितलं. सगळ्यांना त्याचा अर्थ एकच लागला की मरायला गेलेला माणूस गाडीकडे कशाला बघेल. मला दुसरा अर्थ लागला. तू हॉर्न ऐकला असशील, थोडासा, आणि कुठून येतोय ते चुकीच्या बाजूला शोधत असशील. ते शोधणं मला डोळ्यांसमोर दिसतं. रोज दिसतं.

तुझ्यावर राग नाही असं समजू नको. आहे. पूल असताना तू रुळावरून का जायचास? बायकोला का सांगितलं नाहीस? माझ्यासारख्या फुशारक्या मारणाऱ्याच्या कानांवर भरवसा कशाला ठेवलास? आणि माझ्यासाठी थांबलास कशाला रे? दुसरा कोणी असता तर मला चार शिव्या देऊन एकटा गेला असता, डॉक्टरने मशीन लावलं असतं, आज ह्या वेळी तू लूमवर असतास. चांगुलपणासुद्धा प्रमाणात असावा माणसाचा.

एवढं भांडतो आणि मग भांडण मागे घेतो. कारण तुझ्यामुळे मी इथे आहे. माझं घर उभं राहिलं ते तुझ्यामुळे. आई गेली तेव्हा तू माझे मागही स्वतःच सांभाळलेस, तुझ्या मागांच्या जोडीला, चार दिवस, आणि मला कळूही दिलं नाहीस. मिक्सरची बटणं मला तूच शिकवलीस. "तुझ्याशिवाय माझी गिटार लोकांपर्यंत जात नाही," असं तू स्टेजवर माईकमध्ये बोलला होतास एकदा. मी त्यावर वर्षभर उडत होतो.

वहिनीला सांगायचं ठरवलं आणि दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडावरून परत आलो. भीती कसली ते सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. तुझे कान गेले होते असं सांगितलं की ती विचारणार, तुम्हाला माहीत होतं तर डॉक्टरकडे का नेलं नाही? मग माझं नाकारणं सांगावं लागणार. ते सांगितलं की माझे कान सांगावे लागणार. गल्लीत एक गोष्ट एका घरात राहत नाही. पार्टीत कळणार, शेठला कळणार, पोरांना कळणार. आणि नाही सांगितलं तर ती बाई जन्मभर हेच धरून बसणार की नवरा माझ्या एका बोलण्यावर रुळावर जाऊन उभा राहिला. एवढा साधा हिशोब, आणि मला तो करायला बारा दिवस लागले.

काल सुट्टी होती. दुपारी गेलो. वहिनी आणि प्रज्ञा दोघीच होत्या. अ‍ॅम्प तिथेच भिंतीशी आहे, वर चादर टाकलेली. कोणी न्यायला आलं तर वहिनी हात लावू देत नाही. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. भेस्तानचा चहा, बंद झालेला डावा कान, नानपुऱ्याची ती शिट्टी, तू डॉक्टरकडे चल म्हणालास ते, आणि मी काय उत्तर दिलं ते. शब्द बदलले नाहीत.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "भाऊ, मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही. अठरा वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. मला कळलं नसतं का?"

"माझ्या बायकोला माझं कुठे कळलंय, वहिनी?"

"तुमचं काय?"

"माझेही गेलेत."

"तुम्ही तर पार्टीचे साउंडवाले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, कंटाळा होता. चांगल्या माणसांच्या खोट्या समजुतींना ती बारा दिवस मान डोलवत आली असणार. ती उठली, चहा ठेवते म्हणाली, आणि माझ्या मागून आत गेली. मला वाटलं, संपलं. सगळं ओकून बसलो आणि उपयोग काही झाला नाही. वर पंखा फिरत होता. मी जमिनीकडे बघत बसलो.

प्रज्ञाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बघतो तर तिचे डोळे भरलेले.

"काका," ती म्हणाली, "मम्मी हाक मारतेय तुम्हाला."

मी वळलो. वहिनी चहाकडे गेलीच नव्हती. माझ्या मागे, दोन हात अंतरावर उभी होती.

"तीन वेळा मारली," प्रज्ञा म्हणाली.

वहिनी तिथेच मटकन खाली बसली. माझ्याकडे बोट दाखवून पोरीला म्हणाली, "बघ ना ग, हे भाऊ माझ्यावर कुठे रागावलेत? तरी वळले नाहीत."

आणि भास्कर, बारा दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.